एलपी, तवे, कॅसेट, सीडी: आधी कशाला हात घालावा?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

एक मिश्र संग्रह लावायला घेतला आहे. मोजदाद अशी: एलपी ६४, ७८ गतीचे तवे २२, कॅसेट ११० (पैकी तीसेक घरी भरलेल्या), कंपनीच्या सीडी ७० आणि संगणकावर राइट केलेल्या सीडी-आर १५. यंत्रं: बेल्टवर चालणारं टर्नटेबल (फक्त मिनिटाला ३३⅓ आणि ४५ फेरे), त्यावर मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या कंपाचा विद्युतसंकेत करणारा भाग), एक कॅसेट डेक (दिवा लागतो, मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण फीत सरकत नाही), लॅपटॉप आणि यूएसबीचा सीडी ड्राइव्ह.

विचारायचं ते असं:

१. सुरुवात कशापासून करू?
२. यातलं बरंचसं स्ट्रीमिंगवर आहेच. मग ठेवायचं काय आणि काढायचं काय?
३. साफ कसं करायचं, ठेवायचं कसं?
४. पुढे भर घालायची तर विकत घेताना काय बघायचं?

संग्रह वाजता राहावा एवढीच अपेक्षा आहे, काचेच्या कपाटात मांडायचा नाही.

---

फीतकरी

जे सगळ्यात आधी मरणार त्याला आधी हात घाला. त्या हिशेबाने क्रम असा: सीडी-आर, मग घरी भरलेल्या कॅसेट, मग कंपनीच्या कॅसेट, मग सीडी, आणि सगळ्यात शेवटी एलपी नि तवे. लोक नेमकं उलटं करतात, कारण एलपी दिसायला छान. एलपी उभी आणि कोरडी ठेवली तर तिला काही घाई नाही. सीडी-आरमधली माहिती मात्र रंगाच्या थरावर लिहिलेली असते आणि तो रंग ऊन, उष्णता, दमटपणा यांनी फिका पडतो. आज वाचली जाते म्हणून पुढच्या वर्षी वाचली जाईलच असं नाही. त्या १५ आज रात्रीच कॉपी करून टाका, बाकीचं वाचन नंतर.

घरी भरलेल्या कॅसेट दुसऱ्या क्रमांकावर, कारण त्यात जे आहे ते दुसरीकडे कुठेच नाही. सगळ्यात आधी प्रत्येकीच्या वरच्या कडेच्या दोन्ही टिकल्या तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

आता डेक. मोटर फिरते आणि फीत सरकत नाही म्हणजे शंभरात नव्वद वेळा बेल्ट. उघडून बघा: जुन्या रबराचं डांबर झालेलं असतं, पुलीला आणि फ्लायव्हीलला चिकटलेलं. हातमोजे घाला, कारण ते काळं बोटांना लागलं की निघता निघत नाही. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन शेवटचा कण निघेपर्यंत पुसा. पुलीवर एक ढेकूळ जरी राहिलं तरी प्रत्येक फेऱ्याला आवाज थरथरतो. नव्या बेल्टचं माप: ज्या वाटेने बेल्ट जातो त्या वाटेने एक दोरा फिरवायचा, तो मोजायचा, आणि त्याहून ५ ते ८ टक्के कमी परिघाचा बेल्ट घ्यायचा. फार घट्ट घेतला तर मोटरच्या बेअरिंगवर ताण येऊन आवाज हलतो. फार सैल घेतला तर गुंडाळणारी चकती मागे पडते, फीत आत साचते आणि डेक ती चघळतो.

बेल्ट बसल्यावर हेड आणि कॅप्स्टन (फीत ओढणारा फिरता दांडा) त्याच अल्कोहोलने पुसा. पिंच रोलर (फीत त्या दांड्यावर दाबणारा) रबराचा असतो. त्याला पाणी आणि एक थेंब सौम्य साबण पुरे. चमकतो तोवर तो घसरतोच, मॅट दिसला पाहिजे. मग एखादी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवा. तिला काही झालं नाही तरच खरी कॅसेट आत घाला.

आणि आत घालण्यापूर्वी प्रत्येक कॅसेटला हे बघायचं:

- खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरट ठिपके दिसले तर बुरशी आहे. ती बाजूला, वेगळ्या पिशवीत. वाजवलीत तर हेडवर बुरशी बसून पुढच्या दहा कॅसेटना लागेल.
- पुढच्या उघड्या कडेला मधोमध तांब्याच्या पट्टीवर फेल्टचा छोटा चौकोन असतो. तो गळालेला असेल तर फीत हेडला नीट टेकत नाही, आवाज दबतो आणि एक बाजू येते-जाते.
- सहा कडांची पेन्सिल घालून हाताने चार फेरे द्या. फीत थराथराला चिकटलेली असेल तर बोटाला झटके जाणवतात. जाणवले तर यंत्रात घालू नका.
- सगळं ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून मगच वाजवा. सी-१२० (दोन्ही बाजू मिळून १२० मिनिटांची) असेल तर हे यंत्राने करू नका. सी-६० ची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड, सी-९० ची १२, आणि सी-१२० ची जेमतेम ९. ती ताणली जाते, आणि ताणलेली फीत पूर्ववत होत नाही.

तुटलेली फीत जोडायला घरातली पारदर्शक चिकटपट्टी वापरू नका. तिचा गोंद कडेने पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. ३.८१ मिमी रुंदीची स्प्लायसिंग टेप मिळते, तीच वापरा, आणि ती फितीच्या चकचकीत पाठीवर लावा, हेडला लागणाऱ्या बाजूवर नव्हे.

---

सुईधागा

एलपीबद्दल मी लिहितो.

पहिलं काम तबकड्या धुण्याचं नाही, सुई तपासण्याचं आहे. सुई किती तास चालली ते माहीत नसेल तर बदला. टोकाच्या घडणीप्रमाणे सुईचं आयुष्य ३०० ते १००० तास. ५०० तास धरले आणि एक बाजू २० मिनिटांची धरली, तर १५०० बाजू, म्हणजे ७५० एलपी. झिजलेल्या सुईला दोन सपाट पैलू पडतात आणि ती खाचेच्या भिंती छिन्नीसारखी तासते. तबकडी गेली की गेली, सुई पुन्हा मिळते.

वजन लावण्याची पद्धत: अँटीस्केट (टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ओढा) शून्यावर. मागचं वजन फिरवत टोनआर्म हवेत समतल तरंगेल असं करा. तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणा. मग कार्ट्रिजच्या कागदावर दिलेलं वजन लावा. आजच्या बहुतेक मूव्हिंग मॅग्नेटना १.८ ते २ ग्रॅम लागतं. अँटीस्केटलाही तोच आकडा. चकतीवर फार भरवसा ठेवू नका, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळतो, त्यावर ताडून बघा. ‘हलकं ठेवलं की तबकडी कमी झिजते’ हा गैरसमज फार पसरलाय. हलकी सुई जोरदार जागी खाचेतून उसळते आणि परत आपटते. दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवणं जास्त सुरक्षित.

कार्ट्रिज बसवताना प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या छापील पट्टीवर) दोन बिंदू असतात, सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या भूमितीत ते केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर. दोन्हीकडे कार्ट्रिज रेषेला समांतर आलं पाहिजे. याला कंटाळा करू नका. ३३⅓ गतीला बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी जाते, आणि शेवटच्या गाण्याला फक्त २१ सेंमी. तेवढंच ध्वनिमुद्रण निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं, म्हणून ‘स’ आणि ‘श’ फुटतात ते नेहमी शेवटच्या गाण्यात. संरेखन चुकलं असेल तर आधी तिथेच कळतं.

जोडणीत दोन चुका हमखास. टर्नटेबल थेट ऑक्स इनपुटला (ॲम्प्लिफायरच्या साध्या जोडणीला) लावलं तर आवाज बारीक, चिरका आणि खर्ज गायब. एलपी कापताना (खाच कोरताना) खर्ज जवळजवळ २० डेसिबलने दाबलेला आणि वरचे स्वर तितकेच उचललेले असतात (१९५४ पासूनचा रिआ वक्र), आणि ते उलटं करायचं काम फोनो प्रीअँपचं. दुसरी चूक याच्या उलट: टर्नटेबलच्या पोटात प्रीअँप आहे, आणि तरीही ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटला जोडलं. मग घुमणारा, फाटका आवाज. सतत ‘हंऽऽ’ येत असेल तर अर्थिंगची वायर सुटली आहे.

धुणं: एक लिटर द्रावणाला ७५० मिली डिस्टिल्ड पाणी, २५० मिली आयसोप्रोपिल, आणि फोटोग्राफीत वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणाऱ्या रसायनाचे) दोन-तीन थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा. हा शेवटचा हात टाळला तर द्रावणात सुटलेली घाण खाचेतच वाळते आणि धुण्याआधी होती त्याहून जास्त खरखर येते. नळाचं पाणी नकोच, त्यातले क्षार खाचेत बसतात.

ठेवणं: उभ्या, ताठ, ना दाबून ना कललेल्या. एकमेकींवर रचून ठेवलेल्या एलपींची खालची आधी वाकते. शंभर एलपी कव्हरसकट सुमारे २५ किलो भरतात आणि ३५ ते ४० सेंमी जागा खातात, त्यामुळे पुस्तकांची पातळ फळी बाक घेते. आतली उंची ३३ सेंमी हवी. आतली पाकिटं पॉलिएथिलीनची. मऊ, जाड, वास येणारं पारदर्शक पीव्हीसी कव्हर असेल तर आजच काढा. त्यातून सुटणारा पदार्थ तबकडीवर धुरकट थर धरतो, आणि तो धुऊनही जात नाही.

---

तवेकरी

सुईधागा यांच्या प्रतिसादात एक तळटीप मोठ्या अक्षरांत हवी: ते द्रावण ७८ च्या तव्यांना लावू नका. तवे लाखेचे. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. फर्निचरला पॉलिश लावणारे लाख त्यातच तर विरघळवतात! तव्याला फक्त डिस्टिल्ड पाणी आणि वेटिंग एजंटचा थेंब, लगेच पुसून कोरडा. तडा गेलेला असेल तर तेही नको. आतल्या थरात पाणी शिरलं तर तो फुगतो.

तुमच्या टर्नटेबलला ७८ ची गती नाही, त्याने अडत नाही. पण तीन गोष्टी सांभाळायला लागतील.

एक, सुई. एलपीची सुई टोकाला साधारण १५ ते १८ मायक्रॉन त्रिज्येची, तव्याची खाच एलपीच्या खाचेहून बरीच रुंद. बारीक सुई थेट खाचेच्या तळाला जाऊन घासते, जिथे नुसती धूळ आणि झीज. ६५ ते ७५ मायक्रॉनची वेगळी सुई लागते. बऱ्याच मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना ती नुसती पुढचा भाग ओढून बदलता येते.

दोन, गती. ४५ वर वाजवून ध्वनिमुद्रित करायचं आणि संगणकात वेग ७३.३ टक्क्यांनी वाढवायचा (७८ भागिले ४५). वेग आणि स्वर दोन्ही एकत्र वाढतील असा पर्याय निवडा, स्वर तोच ठेवणारा नव्हे.

तीन, आणि इथे जवळजवळ सगळे चुकतात: क्रम. प्रीअँपने रिआ वक्र लावला तो मंद गतीला. म्हणून आधी, वेग न वाढवता, रिआ उलटा करून काढून टाका. मग वेग वाढवा. मग त्या काळच्या तव्याला शोभेल तो वक्र लावा. वेग आधी वाढवलात तर वक्राची सगळी वळणं चुकीच्या कंपनसंख्येवर जाऊन बसतात आणि कितीही ट्रेबल-बेस फिरवला तरी आवाज नाकातूनच येतो.

शेवटी डावं-उजवं मिसळून मोनो करा. तव्याची माहिती फक्त आडव्या हालचालीत असते. सुई वर-खाली हलल्याने येणारी खरखर दोन्ही बाजूंना विरुद्ध पडते आणि मिसळल्यावर बरीचशी कटून जाते. फुकटातली सफाई.

अवांतर: किल्लीच्या ग्रामोफोनवर तवा वाजवायचा मोह झाला तर पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी. आणि त्यावर एलपी चुकूनही नाही. शंभर ग्रॅमहून जास्त वजन पडतं, एका फेरीत खाच साफ नांगरली जाते.

---

शून्यएक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून तिथून सुरू करतो.

स्ट्रीमिंगवर तेच नाव आणि तेच मुखपृष्ठ दिसलं म्हणजे तेच ध्वनिमुद्रण आहे असं नाही. एकाच अल्बमचे चार-पाच मास्टर (छपाईसाठी पक्की केलेली अंतिम ध्वनिप्रत) असतात. १९८० च्या दशकातल्या सीडीत आवाजाची पातळी मोकळी, चढउतार शाबूत. १९९० च्या उत्तरार्धानंतरच्या बऱ्याच ‘रीमास्टर’मध्ये सगळं छताला भिडवलेलं. स्ट्रीमिंग सेवा बहुधा शेवटचा मास्टर ठेवतात आणि तो बदलला तरी कळवत नाहीत. नंतर प्लेअर सगळ्यांची पातळी सारखी करतो (स्पॉटिफायचं लक्ष्य उणे १४ एलयूएफएस, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप), पण चेपून गेलेले चढउतार त्याने परत येत नाहीत. आणि हक्कांचा करार संपला की यादीतलं गाणं एक दिवस करडं होतं.

तेव्हा चाळणी अशी लावा. ठेवायचं: स्ट्रीमिंगवर नसलेलं, किंवा असलेलं पण वेगळ्या मास्टरचं, किंवा ज्याची पुस्तिका आणि श्रेयनामावली कुठेच मिळत नाही ते. निर्धास्त काढून टाकायचं: सहज मिळणारी संकलनं, ‘सर्वोत्तम २०’ छापाची. त्यांचा मास्टर बहुतेक वेळा कुणीतरी घाईत केलेला असतो.

कुठली आवृत्ती हातात आहे ते बारकोडवरून ठरवू नका, एकाच बारकोडखाली वर्षानुवर्षं वेगवेगळ्या छपाया निघतात. सीडीच्या आतल्या गोल पट्टीवर, एलपीच्या शेवटच्या खाचेनंतरच्या मोकळ्या जागेत, मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. तो तिरप्या उजेडात वाचा आणि डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर ताडा.

सीडी तपासायची असेल तर चकचकीत बाजूच्या चरांकडे पहिल्यांदा बघू नका. माहितीचा ॲल्युमिनियमचा थर लेबलच्या बाजूला आहे, त्याच्यावर काही मायक्रॉन लॅकर आणि छपाई. खालच्या बाजूला मात्र १.२ मिमी पॉलिकार्बोनेटचं कवच. म्हणून खालचा ओरखडा घासून घालवता येतो आणि वरचा येत नाही. सीडी दिव्यासमोर धरा: सुईच्या टोकाएवढी चार भोकं चालतील, कडेकडून आत सरकणारा तपकिरी पट्टा मात्र वाईट. ब्रिटनमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास निघालेल्या सीडींचं हे प्रसिद्ध दुखणं. तशी सापडली तर लगेच रिप करा (संगणकात उतरवून घ्या), गंजणं थांबत नाही.

पुसताना केंद्राकडून कडेकडे, सरळ. गोल कधीच नाही. सीडीची त्रुटिसुधारणा सलग सुमारे २.५ मिमी इतकी माहिती गेली तरी ती पूर्ण भरून काढते. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत एवढासा आडवा येतो आणि सहज निभतो. चाकोरीच्या दिशेचा गोल ओरखडा एकाच जागी लांबलचक पट्टा खातो आणि तिथे सुधारणा हरते.

रिपसाठी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. सिक्युअर मोड (पुन्हा पुन्हा वाचून ताडणारा), ड्राइव्हचा रीड ऑफसेट (वाचनाची ठरलेली घसर) लावून, फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता आकार कमी करणाऱ्या स्वरूपात), लॉग फाइलसकट. साठ मिनिटांची सीडी उघड्या स्वरूपात सुमारे ६०० एमबी, फ्लॅकमध्ये साधारण त्याच्या निम्मी ते दोन तृतीयांश. फ्लॅकच्या आतच मूळ ध्वनीचा एमडी-५ ठसा असतो, त्यामुळे दहा वर्षांनीही फाइल बिघडली का ते एका आज्ञेत तपासता येतं. एमपी-३ मध्ये ही सोय नाही.

फार चमकदार, कानाला टोचणारी जुनी सीडी लागली तर ती खराब नाही. सुरुवातीच्या काही सीडींवर प्री-एम्फसिस (मुद्दाम उचललेले वरचे स्वर) असतो. सीडी प्लेअर तो खूण वाचून आपोआप उतरवतो, रिप केलेल्या फाइलला ते कळत नाही. ५०/१५ मायक्रोसेकंदांचा डी-एम्फसिस हाताने लावायचा.

---

सुईधागा

शून्यएक यांच्याशी सहमत, फक्त एक भर. ‘याच अल्बमची एलपी जास्त मोकळी आहे, डीआर मीटरवर (चढउतार मोजणाऱ्या साधनावर) १२ येतो आणि सीडीला ८’ असं वाचून एलपी विकत घेऊ नका. तोच मास्टर एलपीवर कापला आणि परत मोजला तरी मीटर जास्त आकडा दाखवतो. कापताना आणि वाजवताना तरंगांच्या फेजमध्ये फरक पडतो, सपाट झालेली शिखरं वर-खाली होतात, आणि मीटर त्यालाच चढउतार समजतो. ऐकून ठरवा.

१८० ग्रॅमचंही तसंच. जाड तबकडी कमी वाकते एवढंच. साधी १२० ते १४० ग्रॅमची तबकडी चांगली कापलेली असेल तर तीच चांगली वाजते.

विकत घेताना दर्जाच्या अक्षरांचा अर्थ नीट लक्षात ठेवा. ‘व्हीजी’ म्हणजे व्हेरी गुड, पण वाजवल्यावर खरखर सतत ऐकू येणार. ‘व्हीजी+’ पासून पुढे निवांत ऐकण्यालायक. नुसत्या ‘जी’वर जाऊ नका, त्या गुडमध्ये गुड काही नसतं.

---

मंद्रसप्तक

साष्टांग! वाचनखूण साठवली.

सीडी-आर १५ पैकी १३ निघाल्या, दोन नाहीत. डेकचं निदान अचूक, डांबरच होतं. आता अडलेल्या जागा:

अ) एका एलपीत अर्धी बाजू ‘टक… टक… टक…’ एका लयीत.
आ) एक कॅसेट वाजताना शिट्टीसारखी किंचाळते, बाकीच्या नाही.
इ) काही कॅसेटना वरचे स्वरच नाहीत, फेल्ट जागेवर आहे.
ई) चार सीडी रिप झाल्या पण अ‍ॅक्युरेटरिपमध्ये (इतरांच्या रिपशी ताडणाऱ्या डेटाबेसमध्ये) जुळल्या नाहीत.

---

सुईधागा

अ) घड्याळ लावा. दर १.८ सेकंदांनी टक येत असेल तर तो ३३⅓ चा एक फेरा, म्हणजे तबकडीवर आडवा ओरखडा (४५ ला १.३३ सेकंद). त्याला औषध नाही, संगणकात एकेक टक हाताने काढायचा. ओरखड्याला नख अडकत असेल तर सुईही अडकणार. पण सुई एकाच जागी *उडी* मारत असेल तर आशा आहे: तिथे बहुतेक कडक झालेला कण असतो. १० पटीचं भिंग, तिरपा उजेड, डिस्टिल्ड पाण्याचा थेंब पाच मिनिटं ठेवायचा, आणि ओल्या लाकडी टूथपिकने खाचेच्या दिशेने हळूच. धातूचं काहीही नको. लाकडाच्या पांढऱ्या गोंदाचा थर लावून सोलायचा उपाय कुणीतरी सुचवेलच. थर पातळ पडला की तुकडे खाचेत राहतात आणि मग ते काढायला काहीच उरत नाही.

---

फीतकरी

आ) किंचाळणं त्याच एका कॅसेटला असेल तर दोष तिच्या कवचात. आत फितीच्या दोन्ही बाजूंना पातळ सरकपत्रे असतात, ते वाकले किंवा त्यांचा गुळगुळीतपणा गेला की फीत ताणली जाते आणि कंप पावते. फीत दुसऱ्या कवचात हलवा. पाच स्क्रूंची, चांगल्या प्रतीची कोरी कॅसेट घ्या, सगळे स्क्रू काढा, ती आडवी सपाट ठेवूनच वरचं झाकण उचला. आतली मांडणी बघून फोटो काढा: दोन चक्र्या, कोपऱ्यातले दोन रोलर, फेल्टची पट्टी, तिच्यामागचा धातूचा पत्रा, दोन सरकपत्रे. तुमची कॅसेट बिनस्क्रूची, चिकटवलेली असेल तर शिवणीत पातळ पातं घालून कोपऱ्याकडून फोडा, फेल्टच्या बाजूने नको. मग दोन्ही गुंडाळ्या एकत्र, चिमटीत धरून, उचलून नव्या कवचात. गुंडाळी सुटली तर सी-६० ची नव्वद मीटर फीत मांडीवर येते, म्हणून ही कामं चहा बाजूला ठेवून. हेडवर तपकिरी चिकट डाग उरत असेल तर मात्र दोष फितीचा, तिथे थांबा. ‘ओव्हनमध्ये भाजा’ हा सल्ला मोठ्या रिळांच्या ठरावीक फितींसाठी आहे. घरच्या ओव्हनमध्ये कॅसेट घातली तर कवच मऊ होऊन वाकतं.

इ) हे अ‍ॅझिमथ. ज्या डेकवर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या हेडचा कोन जुळत नाही. हेडच्या शेजारी दोन स्क्रू दिसतील, एकाखाली स्प्रिंग, तोच फिरवायचा. त्याच्या आधीच्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका ठेवा, परतीची वाट राहते. आवाज मोनोत मिसळा: कोन चुकलेला असताना डावं-उजवं एकमेकांना कापतात, त्यामुळे मोनोत योग्य जागा एकदम उघडते. अष्टमांश फेऱ्याच्या आत काम होतं. डॉल्बी (फितीची सरसर कमी करणारी सोय) आधी बंद, कोन जुळल्यावर चालू. वरचे स्वर आधीच कमी असताना डॉल्बी ते आणखी दाबतो. घरी भरलेल्या कॅसेटना प्रत्येकीला वेगळा कोन लागू शकतो, कंटाळा न करता प्रत्येक वेळी बघा.

---

शून्यएक

ई) लॉग वाचा. ‘डेटाबेसमध्ये नाही’ आणि ‘जुळलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलीत काळजी नाही, ती छपाई कुणी नोंदवलेली नाही एवढंच. दोनदा रिप करून दोन्हींचे सीआरसी (फाइलचे तपासणी-आकडे) सारखे आले की पुरे. दुसरीत, सगळी गाणी सारखीच जुळत नसतील तर तुमची छपाई वेगळ्या ऑफसेटची असण्याची शक्यता जास्त; क्यूटूल्स या प्रोग्रॅमला विचारा, तो सरकलेली छपाई ओळखतो. एक-दोनच गाणी अडत असतील तर तबकडी. धुऊन, वेग कमी करून, आणि शक्यतो दुसऱ्याच बनावटीच्या ड्राइव्हमध्ये. न निघालेल्या त्या दोन सीडी-आरनाही हाच उपाय लावून बघा, ड्राइव्ह बदलल्याने वाचल्या गेलेल्या पुष्कळ असतात.

एलपी आणि कॅसेट संगणकात घेताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. तासाला सुमारे २ जीबी लागतात. सर्वात मोठं शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. ही मूळ फाइल तशीच ठेवायची. खरखर काढणं, टक काढणं सगळं तिच्या प्रतीवर.

---

मंद्रसप्तक

एक शेवटचं. जाडजूड दुहेरी सीडीच्या डब्यात तबकडीवर स्पंजचा चौकोन आहे, तो चिकटलाय. ओढू का?

---

शून्यएक

ओढू नका! तो पॉलियुरेथेनचा स्पंज, दमटपणाने विरतो आणि चिकट होतो. आणि चिकटलाय तो लेबलच्या बाजूला, म्हणजे लॅकरसकट ॲल्युमिनियम उचलला जाईल. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून त्या भागावर दहा मिनिटं ओला मऊ कपडा ठेवा, मग बोटाच्या पेराने कडेकडून गुंडाळत काढा. उरलेला चिकटा पुन्हा ओला करून. ॲसिटोन आणि थिनर जवळही आणू नका, छपाई जाते आणि पॉलिकार्बोनेट पांढरं पडून तडकतं. निघाली की पुसून, रिप करून, नव्या डब्यात. बाकीच्या डब्यांत असे स्पंज असतील तर ते अजून कोरडे आहेत तोवरच काढून फेका.